जाग्या माकडाच्या मेंदूतील दृष्टिविभागांचा नकाशा एफएमआरआयने कसा काढावा

डोळ्यांसमोरच्या दृश्यातले शेजारचे दोन बिंदू मेंदूच्या दृष्टिविभागांतही शेजारीशेजारीच नोंदले जातात, म्हणूनच या विभागांचा नकाशा काढता येतो. माणसातील असा नकाशा तात्सुजी इनौये या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०९ मध्ये मांडला; रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना दृश्याचा नेमका कोणता भाग दिसेनासा झाला, हे तपासून त्याने तो तयार केला होता. मॅकाक माकडाच्या बाबतीत १९८२ मध्ये रॉजर टूटेल आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी डीऑक्सिग्लुकोज (सक्रिय पेशींत साठणारी, ग्लुकोजसारखी साखर) वापरून वलये आणि आरे यांचे चित्र कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर, जसेच्या तसे उमटलेले दाखवले, परंतु त्या पद्धतीत एका प्राण्याचा एकच नकाशा मिळतो आणि तोही प्राणी मारल्यानंतर. एफएमआरआय, म्हणजे रक्तातील बदलांवरून मेंदूची क्रिया दाखवणारे चुंबकीय स्कॅन, यामुळे तोच प्राणी जिवंत राहतो, त्याचा नकाशा आठवड्याने पुन्हा काढता येतो आणि दोन्ही नकाशे ताडून पाहता येतात.

पुढील मार्गदर्शन ऱ्हीसस माकड (मॅकाकचीच एक जात), ३ टेस्ला क्षमतेचा स्कॅनर आणि जागा प्राणी या मांडणीसाठी आहे. ऱ्हीससच्या मेंदूचे वजन जेमतेम ९० ग्रॅमच्या आसपास असले तरी त्याच्या कॉर्टेक्सचा सुमारे अर्धा भाग दृष्टीशी निगडित आहे. फेलमन आणि व्हॅन एसेन यांनी १९९१ मध्ये त्यात ३२ दृष्टिविभाग मोजले होते. मार्मोसेट या लहान माकडाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असल्याने त्याचा नकाशा वाचायला सोपा जातो, मात्र मेंदू लहान असल्यामुळे अधिक शक्तीचे चुंबक लागते. उंदराच्या बाबतीतही तीच अडचण आहे. मांजराचे नकाशे बहुधा भूल देऊन काढले गेले आहेत.

हा नकाशा मेंदूचा असला तरी त्याचे अक्ष डोळ्याच्या दृष्टिपटलाचे असतात, ही एक बाब सुरुवातीलाच नीट समजून घ्यावी. नजर एका अंशाने सरकली की मेंदूवर उमटणारे सगळे चित्र सरकते, आणि मग कोणत्याही संख्याशास्त्रीय प्रक्रियेने ते जागेवर आणता येत नाही. त्यामुळे या कामातील बहुतेक श्रम स्कॅनरच्या खोलीबाहेर, प्राण्याला टक लावून बघायला शिकवण्यात खर्च होतात, आणि ते तसे व्हावेत असेच माझे मत आहे.

परवानगी आणि सुरक्षितता

भारतात असे काम करायचे असल्यास प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ चे नियम लागू होतात. संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची शिफारस तर लागतेच, पण माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी केंद्रीय समितीची मंजुरीही घ्यावी लागते. अर्ज लिहिण्यापूर्वी २०१८ पासून उपलब्ध असलेला प्राइम-डीई हा खुला संग्रह पाहावा. त्यात निरनिराळ्या प्रयोगशाळांनी माकडांची स्कॅन ठेवली आहेत. त्यांतील पुष्कळशी रचनात्मक किंवा विश्रांत अवस्थेतील असली तरी विश्लेषणाची साखळी बसवण्याचा सराव त्यांवर उत्तम होतो. जे काम आधीच्या नोंदींवर भागते, त्यासाठी नवा प्राणी घेऊ नये.

मॅकाक माकडांमध्ये हर्पीस बी हा विषाणू सर्रास आढळतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण माणसाला तो प्राणघातक ठरू शकतो. हातमोजे, चेहऱ्यावरील ढाल आणि गॉगल यांशिवाय प्राण्याजवळ जाऊ नये. चावा, ओरखडा किंवा डोळ्यात उडालेला थेंब असे काही घडल्यास ती जागा ताबडतोब १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. स्कॅनरच्या घाईत ही शिस्त पहिल्यांदा मोडते, म्हणून खुर्ची ढकलणाऱ्या व्यक्तीशिवाय आणखी एक व्यक्ती केवळ यावर लक्ष ठेवण्यासाठी असावी.

भूल की जागेपण

भूल दिलेल्या प्राण्यातही नकाशा निघतो. ब्र्यूअर, प्रेस, लोगोथेटिस आणि वँडेल यांनी २००२ मध्ये भूल दिलेल्या मॅकाकमध्ये व्ही१ (कॉर्टेक्समधील पहिला दृष्टिविभाग; पुढचे व्ही२, व्ही३, व्ही४) पासून पुढच्या विभागांच्या सीमा दाखवल्या. त्या पद्धतीत स्नायू शिथिल केल्यामुळे डोळा स्थिर राहतो, कॉन्टॅक्ट लेन्सने दृष्टी जुळवता येते आणि दृष्टिपटलाचा मध्य पडद्यावर कोठे पडतो हे आधी तपासून घ्यावे लागते. तथापि भुलीची औषधे रक्तवाहिन्या आणि पेशी या दोन्हींवर परिणाम करतात, आणि व्ही१ पासून जसजसे पुढच्या विभागांकडे जावे तसतसा प्रतिसाद अधिक मंदावतो. व्ही४ किंवा त्यापलीकडचे विभाग हवे असतील तर प्राणी जागाच हवा.

जाग्या माकडाला आडव्या बोगद्यात स्फिंक्सच्या बैठकीत, म्हणजे पोटावर टेकून, पुढचे पाय पुढे व तोंड समोर अशा स्थितीत बसवतात. डोके स्थिर ठेवण्यासाठी कवटीवर शस्त्रक्रियेने प्लास्टिकचा खुंट बसवतात. त्याचे स्क्रू सिरॅमिकचे आणि भराव दातांच्या अॅक्रिलिकचा असतो, कारण धातूमुळे प्रतिमा विस्कटते आणि लोखंडी वस्तू तर त्या खोलीत नेताच येत नाही. खुंटाभोवतीची त्वचा दररोज स्वच्छ करणे हा प्रयोगाचाच भाग समजावा.

यानंतर प्रशिक्षण. प्रथम खुर्ची, मग डोके बांधलेले राहणे, मग खोट्या स्कॅनरमध्ये ध्वनिमुद्रित आवाज हळूहळू वाढवत नेणे, आणि शेवटी पडद्याच्या मध्यावरील लहान ठिपक्याकडे पाहत राहणे, असा क्रम ठेवावा. खऱ्या स्कॅनरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे माकडाच्या कानांत बोळे घालायलाच हवेत. अवरक्त प्रकाशावर चालणारा कॅमेरा बाहुली आणि बुबुळावरील चकाकी यांवरून नजरेची दिशा मोजतो. नजर ठिपक्याभोवतीच्या २ अंश लांबी-रुंदीच्या चौकटीत राहिली की रसाचा थेंब मिळतो. टक जितकी लांबेल तितके दोन थेंबांमधले अंतर कमी करत जावे, म्हणजे मधेच नजर हलवणे माकडाला परवडत नाही. थेंब लहान ठेवावा. मोठा घोट गिळताना जबडा हलतो आणि प्रतिमेत तो स्पष्ट दिसतो. पाणी मोजून देण्याच्या काळात प्राण्याचे वजन रोज नोंदवावे, आणि पशुवैद्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेखाली ते गेल्यास त्या दिवशी स्कॅन होणार नाही, हे आधीच लेखी ठरलेले असावे.

या टप्प्याला काही महिने लागतात. तो आटोपता घेण्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः स्कॅनरचे तास आधी आरक्षित झालेले असले की. माझा आग्रह असा, की खोट्या स्कॅनरमध्ये एकूण वेळेच्या ९० टक्क्यांहून अधिक काळ टक टिकत नाही तोवर खऱ्या स्कॅनरचा तास मागूच नये.

रक्तातील संकेत

एफएमआरआय चेतापेशींची विद्युत्क्रिया थेट मोजत नाही. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन किंचित चुंबकीय असते आणि त्यामुळे संकेत घटतो. पेशी सक्रिय झाल्या की त्या भागात गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त येते, असे हिमोग्लोबिन वाहून जाते आणि संकेत वाढतो. सेइजी ओगावा यांनी हा परिणाम १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवला. ३ टेस्लाला ही वाढ साधारणतः १ ते २ टक्के भरते, आणि मोठ्या शिरांजवळ ती फसवी ठरते, कारण शिरेतले रक्त दुसऱ्याच ठिकाणाहून आलेले असते.

म्हणून माकडांमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण शिरेतून देण्याची पद्धत रूढ झाली. व्हँडफेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जाग्या माकडांत ती वापरली. हे कण तासन्तास रक्तातच राहतात, त्यामुळे मोजमाप रक्ताच्या आकारमानाचे होते. पेशी सक्रिय झाल्या की रक्त आणि त्यासोबत लोह वाढते आणि संकेत खाली जातो. संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर ३ टेस्लालाही कित्येक पटींनी सुधारते आणि मोठ्या शिरांचा त्रास कमी होतो. याची किंमतही आहे: प्रतिसाद अधिक संथ होतो आणि वारंवार दिलेले लोह शरीरात साठत जाते, म्हणून रक्ततपासणी नियमित ठेवावी आणि लोह बाहेर काढणाऱ्या औषधाबद्दल पशुवैद्यांशी आधीच बोलून ठेवावे.

पाचर आणि वलय

नकाशासाठी दोन निर्देशांक हवेत: बिंदू मध्यापासून कोणत्या दिशेला आहे आणि किती दूर आहे. दिशेसाठी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची पाचर घड्याळाच्या काट्याप्रमाणे मध्यबिंदूभोवती फिरवतात. अंतरासाठी तशाच चौकड्यांचे वलय मध्याकडून कडेकडे पसरवतात आणि कडेला पोहोचले की पुन्हा मध्यापासून सुरू करतात. चौकड्यांचे काळे-पांढरे सेकंदाला ८ वेळा उलटत राहते, जेणेकरून पेशी सवयीने मंदावत नाहीत. ही फिरत्या चित्रांची पद्धत १९९४-९५ च्या सुमारास एंगेल, सेरेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांसाठी बसवली.

वलयाची रुंदी सर्वत्र सारखी ठेवू नये. ऱ्हीससच्या व्ही१ मध्ये दृष्टीच्या मध्याजवळ एका अंशाला १० मिलिमीटरच्या आसपास जागा मिळते, तर १० अंशांवर एका अंशाला सुमारे १ मिलिमीटर. समान रुंदीचे वलय मध्याजवळ कॉर्टेक्सवरून भरधाव आणि कडेला सावकाश जाते. म्हणून बाहेर जाताना त्याची रुंदी व वेग दोन्ही वाढवावेत.

पाचर ४५ अंशांची आणि एका फेरीला ३२ सेकंद, हे आरंभासाठी चांगले माप आहे. दर २ सेकंदांनी एक पूर्ण प्रतिमा घेतल्यास एका फेरीत १६ प्रतिमा मिळतात, आणि ८ फेऱ्यांची एक धाव २५६ सेकंदांत संपते. लोहाचे कण दिले असतील तर फेरी ६४ सेकंदांची करावी. नोंद सुरू होण्याआधी पाचर अर्धी फेरी फिरू द्यावी, म्हणजे पहिली फेरी वाया जात नाही. अर्ध्या धावा सुलट आणि अर्ध्या उलट दिशेने घ्याव्यात. याचे कारण पुढील उदाहरणावरून कळेल.

समजा डाव्या गोलार्धातील एका ठिकाणी सुलट धावेत संकेताचे शिखर फेरी सुरू झाल्यापासून १३ व्या सेकंदाला आणि उलट धावेत २९ व्या सेकंदाला आले. दोन्ही वेळा पाचर वरच्या उभ्या रेषेपासून निघाली होती. रक्ताचा प्रतिसाद उशिरा येतो आणि हा उशीर दोन्ही धावांत सारखाच असतो. १३ आणि २९ यांच्या बेरजेतून ३२ वजा करून निम्मे केले की ५ सेकंद हा उशीर मिळतो. १३ मधून तो वजा केला की ८ सेकंद उरतात, म्हणजे पाव फेरी, म्हणजेच उजवीकडची आडवी रेषा. एकाच दिशेच्या धावेवर विसंबून उशीर दुरुस्त केला नसता तर प्रत्येक सेकंदामागे ११ अंशांहून अधिक, एकूण सुमारे ५६ अंशांची चूक झाली असती. उशीर जागोजागी वेगळा असतो, त्यामुळे सगळ्या मेंदूसाठी एकच आकडा गृहीत धरण्यापेक्षा ही बेरीज-वजाबाकी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे करावी.

लोहाचे कण दिलेले असताना शिखराऐवजी तळ धरावा लागतो. ते राहून गेले तर कोन १८० अंशांनी फिरतो आणि डाव्या गोलार्धात डावीकडचे दृष्टिक्षेत्र दिसू लागते. असे दिसले तर नवा शोध लागला नसून चिन्ह उलटे पडले आहे, हे ओळखावे.

स्कॅनरमध्ये

माकडाच्या डोक्याला बेतून केलेली अनेक वाहिन्यांची कॉइल (संकेत टिपणारे वेटोळे) वापरावी. माणसाच्या डोक्याच्या कॉइलमध्ये माकडाचे डोके हरवून जाते. १ ते १.२५ मिलिमीटरचे घन (प्रतिमेचे सर्वांत लहान घटक) पुरेसे आहेत, कारण कॉर्टेक्सची जाडीच सुमारे २ मिलिमीटर असते आणि मेंदूच्या मागच्या भागातील लुनेट खाचेच्या दोन भिंती एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात. डोके बांधलेले असले तरी हात, खांदे आणि जबडा हलले की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि प्रतिमा एका दिशेने ताणली किंवा आक्रसली जाते. हे ताणणे प्रतिमेगणिक वेगळे असल्यामुळे माणसांच्या स्कॅनसाठीची केवळ सरळ सरकवण्याची दुरुस्ती पुरत नाही. प्रत्येक प्रतिमा, शक्य तर काप-काप सुटा धरून, संदर्भप्रतिमेवर लवचीकपणे बसवावी लागते.

धाव संपल्यावर पहिली तपासणी मेंदूची नव्हे, डोळ्याची करावी. फेरीचे १६ भाग पाडून प्रत्येक भागातील सरासरी नजर काढावी. टक खरोखर स्थिर असेल तर सोळाही बिंदू एकावर एक पडतात. माकड चौकटीच्या आत राहूनही पाचरीकडे थोडे थोडे ओढले जात असेल, तर हे बिंदू एक छोटे वर्तुळ काढतात, आणि अशी धाव फार घातक असते, कारण तिच्यातील चूक पाचरीच्या लयीतच असल्याने विश्लेषणाला ती खऱ्या संकेतासारखी दिसते. या वर्तुळाची त्रिज्या अर्ध्या अंशापेक्षा जास्त भरली तर मी ती धाव टाकून देण्याच्या मताचा आहे, मग बाकीची आकडेवारी कितीही देखणी असो. चौकट २ अंशांची असल्यामुळे मध्यापासूनच्या पहिल्या अंशातील नकाशावर तसाही फार भार टाकू नये.

पृष्ठ उलगडणे आणि सीमा वाचणे

रचनात्मक प्रतिमा प्राण्याला भूल देऊन, अर्धा मिलिमीटर घनांच्या मापाने, अनेकदा घेऊन त्यांची सरासरी करावी. तीवरून फ्रीसर्फरसारख्या संगणक-प्रणालीने कॉर्टेक्सचे पृष्ठ काढतात, पण ही प्रणाली माणसाच्या मेंदूसाठी रचलेली असल्याने हाताने पुष्कळ दुरुस्ती करावी लागते. माकडाच्या कवटीवरील जाड स्नायू मेंदूचाच भाग समजले जातात. लुनेट खाचेमागच्या व्ही१ च्या पाळीत पांढऱ्या द्रव्याची पाती इतकी पातळ असते की पृष्ठ तेथे हमखास फाटते, आणि व्ही१ मधील मायलिनच्या (चेतातंतूंवरील आवरणाच्या) पट्ट्यामुळे करड्या व पांढऱ्या द्रव्यातील सीमा चुकीच्या खोलीवर पडते. नकाशाचा सर्वांत महत्त्वाचा भाग नेमका येथेच असल्यामुळे या दोन जागांवर संगणकाचा शब्द प्रमाण मानू नये.

यानंतर प्रत्येक ठिकाणच्या कालक्रमात पाचरीच्या लयीचा, म्हणजे ३२ सेकंदांच्या आवर्तनाचा वाटा किती आणि त्याची कला (फेरीत शिखर कोठे येते ती जागा) कोणती, हे फूरिए पद्धतीने काढावे. वाटा कमी असेल ते ठिकाण कोरे सोडावे. कलेनुसार रंग भरून पृष्ठ सपाट केले की वाचन सुरू होते.

डाव्या गोलार्धातील व्ही१ पासून आरंभ करावा. लुनेट खाचेमागच्या पाळीवर दृष्टिक्षेत्राचा मध्यभाग असतो आणि कडेचा भाग आत कॅल्करीन खाचेत जातो. व्ही१ च्या मधून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून वरच्या अंगाने पुढे निघाले की रंग ९० अंशांकडून १८० अंशांकडे, म्हणजे खालच्या उभ्या रेषेकडे सरकतो. लुनेट खाचेच्या मागच्या काठाजवळ तो १८० ला पोहोचतो आणि तेथून मागे फिरतो. ही व्ही१-व्ही२ सीमा. खाचेत उतरताना तो पुन्हा ९० कडे येतो आणि तेथे दुसऱ्यांदा फिरतो. ही व्ही२-व्ही३ सीमा. पुढे परत १८० आले की व्ही३ संपते. मध्यभागाच्या बाजूस त्यापुढे, लुनेट खाचेबाहेरच्या उंचवट्यावर, व्ही४ लागते. खालच्या अंगाने गेल्यास हाच क्रम वरच्या दृष्टिक्षेत्रासाठी, म्हणजे ९० कडून ० कडे, उलगडतो. रंग कोणता आहे यापेक्षा तो कोठे मागे फिरतो याला महत्त्व द्यावे, कारण कोनात थोडी चूक राहिली तरी वळण्याची जागा फारशी हलत नाही. वेळ थोडा असेल तर केवळ उभी आणि आडवी पाचर आळीपाळीने दाखवूनही या सीमा मिळतात.

दोन नकाशे एकत्र केले की आणखी एक साधन हाती येते. दिशेचा रंग आणि अंतराचा रंग ज्या दिशांना वाढतात त्यांमधील कोनावरून तो विभाग दृश्याची सुलट प्रत आहे की आरशातली, हे ठरते. व्ही१ आरशातली आणि व्ही२ सुलट असल्याने शेजारच्या विभागांतील सीमा चिन्हबदलाने उठून दिसतात. हालचाल ओळखणारा एमटी हा विभाग वरच्या शंखखाचेच्या मागच्या भिंतीत असतो, आणि कोल्स्टर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवल्याप्रमाणे त्याच्या शेजारचे विभाग त्याच्यासह एकाच मध्यबिंदूभोवती गुच्छाने मांडलेले असतात. व्ही४ च्या पुढची सीमा मात्र आजही वादाची आहे. तेथे ठळक रेघ न ओढता तुटक रेघ ओढावी. या विभागांत पेशींची ग्रहणक्षेत्रे (पेशी दृश्याच्या ज्या भागाला प्रतिसाद देते तो भाग) मोठी असल्याने फिरत्या पाचरीपेक्षा सरकत्या पट्ट्या आणि मधूनमधून रिकामा पडदा दाखवून ग्रहणक्षेत्राचे केंद्र व आकार दोन्ही मोजण्याची २००८ मधील डुमुलाँ आणि वँडेल यांची पद्धत अधिक उपयोगी पडते.

नकाशा मान्य करण्यापूर्वी सम धावांचा एक आणि विषम धावांचा एक असे दोन नकाशे काढून सीमा एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. त्यांच्यात एका घनापेक्षा जास्त अंतर दिसले तर आणखी धावा घ्याव्यात. सामायिक आराखड्यावर नकाशा बसवण्याआधी तो त्या प्राण्याच्या स्वतःच्या मेंदूच्या मापात जपून ठेवावा, कारण पुढे इलेक्ट्रोड घालायचा झाला तर तीच प्रत लागते. त्या वेळी इलेक्ट्रोडला वाट दाखवणाऱ्या नोंदणीच्या जाळीत ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल ठेवून एक रचनात्मक स्कॅन घ्यावे. त्या प्रतिमेत उजळ दिसतात आणि जाळीची जागा नेमकी कळते. इलेक्ट्रोड खाली सोडण्यापूर्वी त्या ठिकाणच्या पेशींचे ग्रहणक्षेत्र कोठे असेल याचा नकाशावरून अंदाज लिहून ठेवावा, आणि प्रत्यक्ष नोंदीपासून तो एका अंशापेक्षा जास्त दूर पडला तर आधी कार्यात्मक आणि रचनात्मक प्रतिमांची जुळणी पुन्हा तपासावी.